घरगुती संगणकातील एसएसडी : मर्यादित जागेचे नियोजन

प्रस्तावना

जुन्नर तालुक्याच्या पूर्व सीमेवरील आणे पठारावर आणे, पेमदरा, नळवणे ही गावे वसलेली आहेत. तेथील कोरडवाहू शेती, रंगदास स्वामींच्या यात्रेतील आमटी-भाकरीचा महाप्रसाद किंवा जुन्नर परिसरातील लेण्यांचे शिलालेख यांवर अभ्यास करणाऱ्या अध्यापकाचे मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, छायाचित्रे व स्कॅन केलेली कागदपत्रे बहुधा घरच्या संगणकावरच साठतात. आता अशा संगणकांत हार्ड डिस्कऐवजी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, अर्थात एसएसडी, असते. ती वेगवान असली तरी लहान क्षमतेची असल्यास लवकर भरते. जागा मोकळी करताना संशोधनसाहित्याची एकमेव प्रत नष्ट होऊ नये, या दृष्टीने प्रस्तुत लेखात जागेच्या नियोजनाचे विवेचन केले आहे.

क्षमतेचे स्वरूप

उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे मोजतात. विंडोज प्रणाली १०२४ च्या पटीत मोजते. म्हणून २४० जीबीची एसएसडी संगणकावर सुमारे २२३ जीबी दिसते. हा दोष नसून मापनपद्धतीतील फरक आहे. तसेच फ्लॅश मेमरीत लेखन लहान भागांत होते, परंतु पुसण्याची क्रिया त्याहून मोठ्या गटांत होते. मोकळी जागा फार कमी उरल्यास आतील माहिती वारंवार हलवावी लागते. परिणामी वेग घटतो व झीज वाढते. त्यामुळे साधारणतः १० ते २० टक्के जागा रिकामी ठेवणे हितावह ठरते.

जागा कोठे खर्च होते?

प्रणालीच्या अद्ययावतीकरणानंतर उरलेल्या फाइली, डाउनलोड फोल्डर व रिसायकल बिन ही नेहमीची ठिकाणे होत. हायबरनेशनची फाइल सामान्यतः रॅमच्या ४० टक्के असते. ८ जीबी रॅम असल्यास ती सुमारे ३.२ जीबी व्यापते. ही सुविधा बंद केल्यास तेवढी जागा मिळते, मात्र संगणक जलद सुरू होण्याची सोयही जाते.

अध्यापकाच्या संगणकावर स्कॅन प्रतींचा भार अधिक असतो. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर रंगीत व असंपीडित स्वरूपात सुमारे २६ एमबी व्यापते. म्हणजे २०० पानांना ५ जीबीहून अधिक जागा लागते. तेच पान केवळ काळ्या-पांढऱ्या स्वरूपात सुमारे १.१ एमबीत मावते. छापील मजकुरासाठी दुसरा प्रकार पुरेसा आहे. मोडी कागदपत्रे मात्र रंगीतच ठेवावीत, कारण शाईची छटा व शिक्के हाही पुरावा असतो. जेपीईजी छायाचित्रे झिप केल्याने फारशी बचत होत नाही, कारण ती आधीच संपीडित असतात.

नियोजनाची तत्त्वे

१. प्रणाली, नेहमीची सॉफ्टवेअर व चालू काम एवढेच एसएसडीवर ठेवावे.

२. पूर्ण झालेले प्रकल्प, चित्रफिती व मूळ स्कॅन प्रती बाह्य हार्ड डिस्कवर हलवाव्यात.

३. पुन्हा मिळणाऱ्या व पुन्हा न मिळणाऱ्या फाइलींत भेद करावा. सॉफ्टवेअर पुन्हा स्थापित करता येते. वृद्ध शेतकऱ्याची मुलाखत पुन्हा मिळेलच असे नाही. याच तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणेही संग्रहात जतन केली जातात, कारण गेलेला क्षण पुन्हा निरीक्षणास येत नाही.

४. एसएसडीचे डीफ्रॅगमेंटेशन करू नये. त्याने जागा वाढत नाही, झीज मात्र होते.

आवश्यक दक्षता

हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळवता येते. एसएसडीत 'ट्रिम' आज्ञेमुळे पुसलेल्या फाइलीची जागा लवकरच खरोखर रिकामी केली जाते व ती फाइल परत मिळण्याची शक्यता अत्यल्प राहते. म्हणून दुसरी प्रत उघडून तपासल्याशिवाय मूळ फाइल पुसू नये. ऑनलाइन साठवणुकीशी जोडलेल्या फोल्डरातून फाइल पुसल्यास ती तेथूनही जाते, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ कपाटात ठेवलेल्या एसएसडीतील विद्युतभार हळूहळू क्षीण होतो. त्यामुळे कायमस्वरूपी संग्रहासाठी तिच्यावर विसंबू नये.

समारोप

एसएसडी हे कोठार नसून कामाचे मेज आहे. मेजावर चालू काम, कपाटात पूर्ण झालेले काम आणि दुर्मिळ साहित्याच्या दोन स्वतंत्र प्रती, एवढी शिस्त पाळल्यास अल्प क्षमतेची एसएसडीही पुरेशी ठरते व क्षेत्रकार्यातून जमविलेले साहित्य सुरक्षित राहते.