किल्ली कोणाकडे?

आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, असलेल्या रुग्णाच्या घरात बंदूक असेल, तर ती कोठे आणि कशी ठेवली आहे हा प्रश्न त्याच्या उपचारांत आलाच पाहिजे, असे अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ आज मानतात. डॉक्टर, समुपदेशक किंवा परिचारिका रुग्णाशी आणि त्याची हरकत नसेल तर घरच्यांशीही याविषयी बोलतात. जोखमीच्या काळात शस्त्र त्याच्या हाताशी राहणार नाही, अशी व्यवस्था त्याच्याच संमतीने ठरवली जाते. या संवादाला ‘लीथल मीन्स काउन्सेलिंग’, म्हणजे घातक साधनांविषयीचे समुपदेशन, असे नाव आहे. त्यात जप्ती नसते, सक्तीही नसते. बंदूक कोणत्या कुलपात राहील आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असेल, एवढेच त्यात ठरवायचे असते.

या प्रश्नाची निकड आकड्यांतून दिसते. अमेरिकेत २०२२ मध्ये सुमारे ४९ हजार लोकांनी आत्महत्या केली आणि त्यांपैकी सुमारे २७ हजारांचा मृत्यू बंदुकीने झाला. माजी सैनिकांमध्ये हे प्रमाण आणखी चढे आहे. दरवर्षी सहा हजारांहून अधिक माजी सैनिक आत्महत्या करतात आणि त्यांतल्या दहापैकी सात घटनांमध्ये साधन बंदूक असते. सुमारे निम्म्या माजी सैनिकांकडे स्वतःची बंदूक आहे. त्यांच्यापैकी जवळपास एकतृतीयांश लोक निदान एक बंदूक गोळ्या भरून, कुलपाविना ठेवतात.

उशाशी बंदूक का असते?

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या तक्रारींमुळे पीटीएसडीकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले. १९८० मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. युद्धच नव्हे, तर बलात्कार, घरातील मारहाण, भीषण अपघात किंवा डोळ्यांदेखत झालेला मृत्यूही त्यामागे असू शकतो. त्याच्या लक्षणांचे चार गट केले जातात: नको असलेल्या आठवणी आणि दुःस्वप्ने पुन्हा पुन्हा येणे; त्या आठवणी जाग्या करणाऱ्या जागा, माणसे, विषय टाळणे; अपराधभाव, उदासी आणि जगावरचा उडालेला विश्वास; आणि सतत ताणलेले शरीर, म्हणजे दचकणे, चिडणे, झोप न लागणे.

चौथ्या गटातील अतिसावधतेशी बंदुकीचा थेट संबंध आहे. असा माणूस उपाहारगृहात दाराकडे तोंड करून बसतो, रात्री कड्या-कोयंडे पुन्हा पुन्हा तपासतो. उशाशी भरलेले पिस्तूल ठेवणे हा त्याच पहाऱ्याचा भाग असतो. त्याने क्षणभर निश्चिंत वाटते, पण धोका संपलेला नाही ही समजूतही त्यामुळेच पक्की होत जाते. अशा सवयींना मानसशास्त्रात ‘सुरक्षा-वर्तन’ म्हणतात.

दुसरीकडे, याच विकारासोबत नैराश्य, निद्रानाश, दारूचा आधार आणि अपराधभाव येतात आणि आत्महत्येची जोखीम वाढते. बाहेरच्या शत्रूसाठी तयार ठेवलेले शस्त्र सर्वांत वाईट रात्री स्वतःच्याच सर्वांत जवळ असते. धोक्याची भावना जितकी तीव्र, तितका कुलपाला विरोध जास्त. त्यामुळे ज्यांना सुरक्षित साठवणीची सर्वाधिक गरज असते, त्यांनाच ती सर्वांत कमी पटते.

काही मिनिटांचा प्रश्न

‘ज्याला मरायचेच आहे, तो दुसरा मार्ग शोधेल’ हा समज सर्वत्र आढळतो. संशोधन त्याला दुजोरा देत नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे जिवावर बेतलेल्या प्रयत्नांतून वाचलेल्या १५३ तरुणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. निर्णय आणि कृती यांमधला काळ पाच मिनिटांहूनही कमी होता, असे त्यांतील जवळपास एकचतुर्थांश जणांनी सांगितले. अनेक संकटे अशी लाटेसारखी येतात आणि ओसरतात. प्रयत्नातून वाचलेल्या दहापैकी सुमारे नऊ जणांचा मृत्यू पुढे आत्महत्येने होत नाही.

त्या मिनिटांत हाताला काय लागते, यावर बरेच अवलंबून असते. बंदुकीने केलेले दहापैकी आठ-नऊ प्रयत्न प्राणघातक ठरतात. औषधांच्या अतिसेवनात हेच प्रमाण शेकडा पाचांहूनही कमी आहे. तिथे मन बदलायला, कोणाला हाक मारायला किंवा रुग्णालय गाठायला वेळ मिळतो.

साधन दूर गेले की मृत्यू घटतात, याचे दाखले अनेक देशांत आहेत. ब्रिटनमध्ये घरगुती कोळसा-वायूतील विषारी कार्बन मोनॉक्साइड कमी होत गेला, तेव्हा १९६०च्या दशकापासून पुढच्या काही वर्षांत देशातील एकूण आत्महत्या सुमारे एकतृतीयांशाने घटल्या. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये तरुण सैनिकांना आठवडी सुट्टीत शस्त्र घरी नेण्यास मनाई केली. त्यानंतर त्यांच्यातील आत्महत्यांचा दर सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती, इतर दिवसांत लक्षणीय फरक पडला नाही.

संवाद कसा चालतो

अशा संवादासाठी ‘काम’ (CALM) नावाचा प्रशिक्षणक्रम न्यू हॅम्पशायर राज्यात एलेन फ्रँक आणि मार्क चोका यांनी तयार केला आणि तो पुढे देशभर पसरला. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हा संवाद बहुधा ‘सेफ्टी प्लॅन’चा भाग म्हणून होतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी आखलेल्या या योजनेत रुग्ण स्वतःच्या शब्दांत सहा गोष्टी लिहितो: संकटाची पूर्वचिन्हे, स्वतःला सावरण्याचे उपाय, मन रमवणारी माणसे व जागा, मदत मागता येईल असे आप्त, संपर्कासाठी तज्ज्ञ आणि अखेरीस घर निर्धोक करण्याचे उपाय. बंदुकीचा विषय या सहाव्या पायरीवर येतो.

विषय काढण्याच्या पद्धतीला महत्त्व आहे. ‘बंदूक काढून टाका’ या वाक्याने संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेल्या ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ची रीत वापरली जाते. समुपदेशक आधी विचारतो, ‘घरात बंदूक असणे तुमच्यासाठी का महत्त्वाचे आहे?’ शिकारीची आवड, वडिलांची आठवण, घराचे रक्षण, पलटणीतल्या दिवसांशी नाते अशी उत्तरे येतात आणि ती खोडली जात नाहीत. मग पुढचा प्रश्न येतो: ‘एखादी रात्र फारच वाईट गेली, तर त्या वेळी ती कोठे असावी असे तुम्हाला वाटते?’ मुले-नातवंडे घरात असतात, दुःस्वप्नातून जाग येताना भान नसते, दारू प्यायल्यावर निर्णय चुकतो. ही कारणे रुग्णाच्याच तोंडून आली की बदल टिकण्याची शक्यता वाढते.

सैनिकाला शस्त्रशिस्त शिकवावी लागत नाही. तळावर शस्त्र शस्त्रागारात जमा होते आणि नोंदीनेच बाहेर येते. संवाद या ओळखीच्या शिस्तीशी जोडला, तर कुलूप लावणे म्हणजे दुबळेपणा, असे त्याला वाटत नाही.

कुलपापासून घराबाहेरपर्यंत

पर्याय पायऱ्यापायऱ्यांनी मांडले जातात. सर्वांत सुरक्षित पर्याय म्हणजे जोखमीचा काळ सरेपर्यंत बंदूक घराबाहेर ठेवणे: विश्वासू नातेवाइकाकडे, बंदुकीच्या दुकानात, नेमबाजीच्या क्लबात किंवा सोय असल्यास पोलिसांकडे. अशा जागा दाखवणारे नकाशे कोलोरॅडोसह काही राज्यांनी तयार केले आहेत. मित्राकडे तात्पुरते शस्त्र सोपवण्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे असल्याने त्यांची माहिती समुपदेशकाला असावी लागते.

हे मान्य नसेल, तर बंदूक घरातच, पण गोळ्या काढून, तिजोरीत किंवा कुलूप लावून ठेवायची. काडतुसे वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. आणि किल्ली किंवा तिजोरीचा क्रमांक जोडीदाराकडे. काही जण फक्त काडतुसे घराबाहेर ठेवायला तयार होतात. तेवढेही मान्य नसेल, तर साधे केबल लॉक लावण्यापासून सुरुवात होते. माजी सैनिकांसाठीच्या केंद्रीय विभागाकडून अशी कुलपे मोफत मिळतात. मुलांच्या बाबतीत बंदूक कुलपात, गोळ्या काढून, काडतुसे वेगळी आणि कुलपात, या चारही सवयी उपयोगी पडतात, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र मालक स्वतःच जोखमीत असेल, तर किल्ली त्याच्याच खिशात ठेवून कुलपाचा फारसा उपयोग नाही.

व्यवस्था ठरल्यावर ती कोण, कधी अमलात आणणार हे लिहिले जाते, काही दिवसांनी चौकशी होते आणि बंदूक परत कधी घ्यायची याचीही अट ठरते. हा बदल तात्पुरता आहे, हे स्पष्ट असणे रुग्णाच्या होकारासाठी आवश्यक असते.

कायदा आणि विश्वास

डॉक्टरांनी बंदुकीबद्दल विचारावे की नाही, हाही अमेरिकेत वादाचा विषय ठरला. फ्लोरिडाने २०११ मध्ये अशा प्रश्नांवर बंधने घालणारा कायदा केला. त्यातील मुख्य तरतुदी संघराज्य अपील न्यायालयाने २०१७ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे रद्द केल्या. उपचार घेतले तर शस्त्र जाईल, ही भीती माजी सैनिकांमध्ये खोल आहे. प्रत्यक्षात पीटीएसडीचे निदान झाले म्हणून संघराज्य कायद्याने कोणी बंदूक बाळगण्यास अपात्र ठरत नाही. न्यायालयीन आदेशाने शस्त्र काढून घेणारे ‘रेड फ्लॅग’ कायदे अनेक राज्यांत आहेत, पण समुपदेशन हा त्याहून वेगळा, ऐच्छिक मार्ग आहे. हा फरक संवादाच्या सुरुवातीलाच सांगणे हिताचे असते.

विश्वासासाठी संदेश कोण देतो हेही पाहावे लागते. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ मध्ये आठवड्याभरात तीन ग्राहकांनी एकाच दुकानातून बंदूक घेऊन आत्महत्या केली. त्यानंतर दुकानदार आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी मिळून ‘गन शॉप प्रोजेक्ट’ सुरू केला. संकटातला ग्राहक ओळखण्याच्या सूचना आणि फलक दुकानांत लागले. शस्त्रधारकांच्या वर्तुळातल्याच माणसाने सांगितल्यावर सल्ल्यामागे राजकारण असल्याची शंका कमी होते.

उपयोग किती?

समुपदेशनासोबत कुलूप किंवा तिजोरी हातात दिली, तर साठवणीच्या सवयी अधिक सुधारतात, असे चाचण्यांत दिसले आहे. माजी सैनिकांच्या आपत्कालीन विभागांत सेफ्टी प्लॅन आणि पाठोपाठचे फोन मिळालेल्यांमध्ये पुढील सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले, असे २०१८ च्या अभ्यासात नोंदले आहे. मात्र त्यात बंदुकीविषयीच्या संवादाचा वाटा वेगळा काढता येत नाही. समुपदेशन हा मूळ आजाराचा उपचारही नाही. झोप, दारू, नैराश्य आणि आघाताच्या आठवणी यांवरचे उपचार सोबत चालावेच लागतात.

भारतात परवानाधारक बंदुका फार थोड्या घरांत आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात घरात सहज सापडणारे घातक साधन म्हणजे कीटकनाशक. तिथेही तत्त्व हेच लागू होते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर आत्महत्यांचा दर दशकभरात निम्म्यावर आला. त्याच देशात १८० गावांमध्ये घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटल्या, तेव्हा मात्र विषप्राशनाचे प्रमाण कमी झाले नाही, असे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. पेटी घरातच होती आणि किल्लीही. तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात घराबाहेरच्या सामाईक साठवणुकीचा प्रयोग झाला, तो याच कारणाने वेगळा ठरतो. मानसिक संकटात असलेल्या व्यक्तीसाठी किंवा तिच्या कुटुंबासाठी भारतात टेलिमानसची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. अमेरिकेत ९८८ हा क्रमांक आहे आणि माजी सैनिकांनी त्यावर फोन करून १ दाबायचा असतो.