थकवा, फेरिटिन आणि रिकामी कणगी

(या भागात बोललो तसंच लिहून काढलंय. मधे वाजलेला मिक्सर आणि माझे 'अं... अं...' तेवढे काढून टाकलेत.)

आज ना कोडिंग, ना इंटरव्ह्यूच्या टिप्स. आज थकव्याबद्दल बोलायचंय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.टेक. करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करणारा बिलोलीचा पोरगा आहे. पण गेल्या वर्षी घरात एक चूक झाली, त्यात माझा मोठा वाटा होता. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा भाग.

माझी धाकटी बहीण पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाचला उठून बोधन रोडवर पळायचं आणि ८०० मीटरचा टाइम वहीत लिहायचा. सुरुवातीला ३ मिनिटं ५ सेकंद यायचा. चार-पाच महिन्यांत तो ३:४० वर गेला. सराव वाढला आणि टाइमही वाढला! फोनवर म्हणायची, "दादा, पाय उचलंनात. जिना चढला तरी धाप लागूलालीय."

आणि मी काय म्हणालो? "रात्री रील बघायचं बंद कर, झोप पूर्ण कर." मायचंही तेच, "मोबाईल सोडत नाही, मग थकवा येईल नाहीतर काय." एका ठिकाणी दाखवलं, तिथं 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाईन लावलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कॉलेजच्या शिबिरात हिमोग्लोबिन तपासलं, तर १२.१. बाईमाणसाचं १२ च्या वर म्हणजे नॉर्मल. झालं, आमच्या सगळ्यांची खात्री पटली की पोरगी आळशी झालीय.

मग आम्ही चुकलो कुठं?

डबा आणि कणगी

आपल्याकडं ज्वारी कणगीत साठवतात आणि रोजचं पीठ डब्यात असतं. कणगी रिकामी होत आली तरी डबा काही दिवस भरलेलाच दिसतो, कारण घरातली बाई कणगीच्या तळातून काढून डबा भरत राहते. डबा रिकामा झाला की सगळ्यांना कळतं. कणगी संपली हे फक्त तिच्यात हात घालणाऱ्याला कळतं.

शरीरातल्या लोहाचं असंच आहे. हिमोग्लोबिन म्हणजे डबा. फेरिटिन म्हणजे कणगीत किती शिल्लक आहे त्याचा अंदाज. लोह कमी पडायला लागलं की शरीर आधी साठा वापरतं आणि हिमोग्लोबिन जमेल तितकं टिकवून धरतं. म्हणून हिमोग्लोबिन १२.१ असूनही साठा संपलेला असू शकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर मॉनिटरिंग चुकीच्या आकड्यावर लावलं होतं, त्यामुळं अलर्ट आलाच नाही.

पुढं एका डॉक्टरबाईंनी फेरिटिन करायला सांगितलं. लॅबवाल्यानं सॅम्पल नांदेडला पाठवलं. रिपोर्ट आला: ६. मोठ्या माणसात १५ च्या खाली म्हणजे साठा संपला, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. बरेच डॉक्टर तर ३० च्या खालीच सावध होतात.

पण रक्त 'ठीक' असताना थकवा का?

लोह फक्त रक्तात ऑक्सिजन वाहायला लागतं असं आपण शाळेत शिकलो. ते खरं, पण अर्धं. स्नायूंमध्ये ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनमध्ये लोह असतं. पेशीत ऊर्जा तयार करणारं मायटोकाँड्रिया आठवतंय ना? त्याच्या यंत्रणेतही जागोजागी लोह लागतं. म्हणजे रक्त ऑक्सिजन पोचवतंय, पण तो वापरणारं मशीनच अर्ध्या ताकदीनं चालतंय.

२०१२ मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासाचा निकाल आला. थकवा असलेल्या, पण ॲनिमिया नसलेल्या, फेरिटिन ५० च्या खाली असलेल्या १९८ स्त्रिया. निम्म्यांना १२ आठवडे लोहाची गोळी, निम्म्यांना खोटी गोळी. लोहवाल्यांचा थकवा सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाला, खोट्या गोळीवाल्यांचा २९ टक्क्यांनी. दोन्ही आकडे लक्षात ठेवा. लोहानं फरक पडतो, पण सगळाच थकवा लोहाचा नसतो.

हिशेब करू

शरीरात एकूण लोह ३ ते ४ ग्रॅम, फार तर एका खिळ्याएवढं. बायकांमध्ये त्याहून कमी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, मेली की तिच्यातलं लोह पुन्हा वापरलं जातं. असं रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह घरातल्या घरात फिरतं. जेवणातून नव्यानं शोषलं जातं ते फक्त १ ते २ मिलिग्रॅम.

आता खर्च बघा. १ मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत साधारण ३०-४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे १५-२० मिलिग्रॅम लोह. ८० च्या वर गेलं तर ४० मिलिग्रॅम. ते ३० दिवसांवर वाटलं तर रोजचा १.३ मिलिग्रॅमचा जादा खर्च. शिवाय त्वचा, आतडी यांतून रोजचा १ मिलिग्रॅमच्या आसपास खर्च असतोच. आवक १ ते २, जावक २.३. कणगी कधीतरी रिकामी होणारच. त्यात पुरुषाच्या कणगीत साधारण १ ग्रॅम असतं, बाईच्या कणगीत ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे मुळात कणगीच लहान.

हे वाचल्यावर बहिणीला एक प्रश्न विचारायचा होता. तीन वेळा टाइप केला, तीन वेळा डिलीट केला. शेवटी व्हॉट्सॲपवर पाठवला, "पाळी किती दिवस असते? पॅड किती लागतात?" पाच मिनिटं ब्लू टिक, उत्तर नाही. मग आलं, "७ दिवस. पहिले ३ दिवस दर दोन तासाला बदलावं लागतं. तुला काय करायचंय?"

दर दोन तासाला. चौदाव्या वर्षापासून. मायला विचारलं तर म्हणाली, "माझंही तसंच होतं. बाईमाणसाला एवढं चालतंच." एका घरात दोघींना त्रास, म्हणून तो नॉर्मल!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया निघाला. त्याआधीच्या फेरीत तो आकडा ४८ टक्के होता. आणि हा फक्त डब्याचा हिशेब आहे. कणगी रिकामी, पण डबा अजून भरलेला, अशा बायका यात मोजलेल्याच नाहीत.

शाळेतली निळी गोळी आठवते?

शाळेत आठवड्याला मिळायची ती निळी गोळी आपल्यापैकी कित्येकांनी खिडकीतून फेकलीय. मीही. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फोलिक ॲसिड असतं. हे फोलिक ॲसिड कुठून आलं? त्याची गोष्ट आपल्या मुंबईत सुरू होते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गरोदर बायकांना, त्यातही गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना होणारा एक गंभीर ॲनिमिया ती अभ्यासत होती. यीस्टच्या अर्कानं त्या बऱ्या होतात हे तिनं १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला कामाचा घटक पुढं फोलेट म्हणून ओळखला गेला. म्हणजे रक्त कमी असणं हे दर वेळी लोहामुळंच असतं असं नाही. फोलेट, बी-१२, थॅलेसेमियाचा वाहक असणं, अशी इतरही कारणं असतात. म्हणून तपासणी आधी, गोळी नंतर.

ताटात काय बदललं

भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, या सगळ्यांत लोह आहे. अडचण शोषणाची. धान्य-डाळींतलं फायटेट लोहाला धरून ठेवतं. जेवणावर लगेच चहा प्यायला की उरलंसुरलंही अडतं. म्हणून घरात दोनच नियम केले. चहा जेवणानंतर किमान एक तासानं. आणि जेवताना लिंबू, पेरू किंवा आवळा, काहीतरी आंबट, कारण क जीवनसत्त्वामुळं लोह चांगलं शोषलं जातं. मटण, कलेजी खात असाल तर त्यातलं लोह जास्त सहज शोषलं जातं. बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून रक्त वाढवतात, हे मात्र सोडून द्या. रंगाचा आणि लोहाचा काही संबंध नाही.

पण फेरिटिन ६ असताना नुसत्या जेवणानं कणगी भरत नाही. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, एक दिवसाआड. मला वाटलं रोज का नाही? तर एक डोस घेतला की शरीरात हेपसिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि पुढचे चोवीस तास आतड्याचं दार अर्धं बंद करतं. त्यामुळं काहींना दिवसाआड गोळी सोसते आणि लागूही पडते. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. शौच काळं होतं, घाबरू नका. मळमळ, बद्धकोष्ठता होऊ शकते, तसं झालं तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका. आणि बरं वाटलं की लगेच सोडू नका. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने लागतात.

सोबत जास्त रक्तस्रावावर वेगळे उपचार सुरू झाले. गळती तशीच ठेवून टाकी भरण्यात अर्थ नाही.

पोरांनो, तुम्हीही ऐका. पुरुषाला लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्या खाऊन गप्प बसू नका. मूळव्याध, अल्सर, आतड्यातला रक्तस्राव, जंत, यांपैकी काय आहे ते शोधावं लागतं. आणि बसल्या जागी धाप लागणं, चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं असं काही असेल तर हा पॉडकास्ट बंद करून थेट दवाखाना गाठा.

सहाव्या आठवड्यात बहिणीनं वहीचा फोटो पाठवला: ३:२४. चौथ्या महिन्यात ३:०८. खाली लिहिलं होतं, "रील अजून बघते." मी माफी मागितली, तीपण व्हॉट्सॲपवरच. समोरासमोर बोलायला अजून जमत नाही.

मायचं फेरिटिन अजून झालेलं नाही. "मला काय धाड भरलीय," म्हणते. दिवाळीला बिलोलीला जाणार आहे, तेव्हा स्वतः लॅबमध्ये घेऊन जाणार. तुमच्या घरातही कुणी 'सारखं थकतंय' असं असेल, तर या आठवड्यात एकदा नीट विचारा. काय उत्तर आलं ते मला कळवा.

पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, आणि जेवल्या जेवल्या चहा नको!