आपल्या उर्दू शाळेत पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे?

पेण आणि रोहा तालुक्यातल्या पालकसभांत आम्हा शिक्षकांना हमखास विचारला जाणारा प्रश्न: "सर, सरकार शिक्षणावर एवढा पैसा देतं म्हणतात, मग आपल्या शाळेचं छप्पर का गळतं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही, कारण शाळेत येणारा पैसा एका खिशातून येत नाही.

जिल्हा परिषद शाळेवरचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे शिक्षकांचा पगार. तो राज्य सरकार देते आणि जिल्हा परिषदेमार्फत, म्हणजे आपल्याकडे अलिबागवरून, तो शिक्षकांच्या खात्यात जमा होतो. या पैशाला शाळेचा हातही लागत नाही. पाठ्यपुस्तके, गणवेश, काही बांधकामे यासाठी 'समग्र शिक्षा' योजना आहे. त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के. दुपारच्या खिचडीचा हिशेब त्याहून वेगळा.

मुख्याध्यापकाच्या हातात खरोखर पडते ते संयुक्त शाळा अनुदान. समग्र शिक्षेच्या निकषांप्रमाणे 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, 31 ते 100 पटाला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार. यातच खडू, रजिस्टर, वीजबिल, नळाची तोटी, किरकोळ दुरुस्ती. किमान 10 टक्के तर स्वच्छतेवरच खर्च करायचे. आता सांगा, वाडीतल्या 28 मुलांच्या शाळेने 10 हजारांत पत्रे कसे बदलायचे? जून 2020 मध्ये निसर्ग वादळाने जिल्ह्यात किती छपरे नेली ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. असले काम या अनुदानात होतच नाही. मोठ्या दुरुस्तीचा प्रस्ताव वरूनच, समग्र शिक्षेतून किंवा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून मंजूर व्हावा लागतो. मुख्याध्यापकावर चिडून काही हाती लागत नाही, बिचारा स्वतःच अर्ज लिहून थकलेला असतो.

पण आमच्या मते छपरापेक्षा मोठी काळजी शिक्षकाच्या पदाची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 पासून 90 पर्यंत तीन. दरवर्षी पट मोजून पदे ठरतात, त्याला संचमान्यता म्हणतात. राज्याचे तिचे नियम अधूनमधून बदलतात, पण एक गोष्ट आता पक्की झाली आहे: ज्या मुलाचे आधार जुळते तेच मूल मोजले जाते. आणि इथे आपली मुले अडकतात. शाळेच्या रजिस्टरवर 'मोहम्मद', आधारवर नुसते 'मो.', जन्मदाखल्यावर आणखी तिसरेच. कुठे वडिलांचे नाव आहे, कुठे आडनावच नाही. वर्गात 62 मुले बसलेली असतात आणि कागदावर 57 भरतात. पाच नावांपायी एक पद धोक्यात. उर्दूचा शिक्षक एकदा गेला की परत मिळायला वर्षे लागतात, कारण मराठी माध्यमाचा शिक्षक ती जागा भरू शकत नाही.

हे दुरुस्त करणे शाळेच्या एकटीच्या हातात नाही. आधार केंद्रावर मुलाला घेऊन अम्मी-अब्बांनाच जावे लागते. मुंबईला कामाला असलेल्या वडिलांना एका दिवसाची सुट्टी काढावी लागते, हे आम्हाला कळते. तरी 30 सप्टेंबरच्या पटनोंदीआधी काढा.

दुसरी जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तिच्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात. कलम 22 प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती बनवते, आणि सरकारने द्यायच्या अनुदानाचा आधार तो आराखडाच असतो. आपल्याकडे मात्र बऱ्याचदा सही घ्यायला रजिस्टर घरी पाठवले जाते. भाभी चुलीपाशी उभ्या राहून सही करतात आणि आराखड्यात काय लिहिलंय ते वाचतही नाहीत. संडासाला दार नाही हे त्यांनाच सगळ्यात आधी ठाऊक असते, पण ते कागदावर येत नाही.

संडास आणि पाण्यासाठी तर ग्रामपंचायतीकडेही पैसा असतो. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला आहे, त्यातून शाळेचे काम घेता येते. अट एवढीच की ते ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात असले पाहिजे. पेण आणि रोहा शहरांतल्या शाळांना ग्रामपंचायत नाही, तिथे आपल्या नगरसेवकामार्फत नगरपरिषदेकडे जावे लागेल.

खेड्यातल्या पालकांनी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जावे. जमातीच्या बैठकीत त्याआधीच ठरवावे की कोण बोलणार, आणि मुख्याध्यापकांकडून कामांची यादी लेखी घेऊन जावी. तोंडी सांगितलेले काम ठरावात येत नाही.