निशाणी डाव्या हाताचा अंगठा

हाटाच्या दिवशी डहीतल्या त्या दुकानापुढे सकाळी दहालाच रांग लागते. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. आत दोन संगणक, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि टेबलाच्या कडेला, गिऱ्हाइकाच्या बाजूला, अंगठा टेकवायचं काडेपेटीएवढं मशीन. पाटीवर बरंच काही लिहिलेलं आहे, पण गावात सगळे त्याला नुसतं 'ऑनलाइन' म्हणतात. दुकान चालवणाऱ्या मुलाला विचारून मी त्याच्या मागच्या स्टुलावर बसले आणि दुपारी अडीचपर्यंत तिथेच होते.

पहिले आले ते साठीचे एक शेतकरी. त्यांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत 'पावती' होती. मध्य प्रदेशात भू-अधिकार आणि ऋण पुस्तिकेला पावती म्हणतात. त्यांना सोसायटीतून खत उचलायचं होतं, त्यासाठी खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, नकल हवी होती. पावतीतला खसरा नंबर घामानं पुसट झाला होता, म्हणून मुलानं धार जिल्हा, डही तहसील आणि गाव निवडून नावावरून शोध घेतला. त्या नावाचे गावात बरेच जण निघाले. "दादा, बापाचं नाव?" त्यांनी सांगितलं. त्यातही तिघं होते. मग मुलगा एकेक खातं उघडून मोठ्यानं वाचायला लागला. कोणाचा किती हिस्सा, सहखातेदार कोण, विहीर आहे की नाही, आणि शेवटी बारावा रकाना, कैफियत. कोणत्या बँकेकडे जमीन गहाण आहे ते इथे लिहिलेलं असतं. दादांचं खातं तिसऱ्या खेपेला सापडलं. तोवर रांगेतल्या आठ-दहा जणांना शेजारच्या दोन घरांचं कर्ज कळलं होतं, आणि ते दोघे खातेदार त्या वेळी हाटात मिरच्या विकत असतील.

मुलाची यात काही चूक नव्हती. तो मोठ्यानं वाचत होता तो दादांना वाचता येत नाही म्हणून. आणि त्यानं उघडलेली खाती कोणालाही, कुठूनही, फुकट उघडता येतात. नाव माहीत असलं की पुरे.

नंतर पन्नाशीची एक बाई आली. नवरा गेल्यावर फौती नामांतरण झालं होतं, म्हणजे वारसांची नावं चढली होती, ती नीट चढली का हे तिला बघायचं होतं. पडद्यावर तिच्या नावापुढे 'बेवा', म्हणजे विधवा, आणि मग नवऱ्याचं नाव. खाली दोन मुली. धाकटीपुढे 'नाबालिग' आणि पालक म्हणून आईचं नाव. तिनं बोटानं मोजून तीन नावं आहेत याची खात्री केली आणि समाधानानं मान हलवली. मी मात्र त्या पडद्याकडे बघत राहिले. गावातल्या कोणत्या घरात पुरुष उरला नाही, जमीन किती, कर्ज किती आणि मुलगी अजून सज्ञान नाही, हे सगळं एकाच पानावर होतं.

डही हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला भाग. बहुतेक वस्ती भिल्ल-भिलाल्यांची. 1959 च्या भू-राजस्व संहितेचं कलम 165 इथल्या आदिवासीची जमीन बिगर आदिवासीच्या नावावर होऊ देत नाही. म्हणून ज्याला जमीन हवी असते तो दुसऱ्या आदिवासीला पुढे करून त्याच्या नावावर घेतो. अशा माणसाला आधी कोण अडचणीत आहे ते कळावं लागतं. पूर्वी त्यासाठी पटवाऱ्याकडे चहापाणी करावं लागे, गावात माणूस पेरावा लागे. आता तेच त्याला इंदोरात बसून पडद्यावर वाचता येतं.

याआधी मी इथे आले होते ते आमच्या घराच्या कामासाठी. आजोबा डहीला मास्तर होते. धारची पवारांची चाकरी सोडून शाळेत आलेले. त्यांनी इथे दोन खोल्यांचं घर बांधलं. ते घर आम्ही 2019 मध्ये विकलं. रजिस्ट्री कुक्षीला झाली. तो दिवस मला बारकाईनं आठवतो, कारण आईच्या अंगठ्याचा प्रश्न तिथेच उभा राहिला.

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचं अक्षर मोत्यासारखं, पण हात कापायला लागला होता. सही दोनदा केली, दोन्ही वेळा वेगळी आली. दस्त लिहिणारे म्हणाले, "काकी, अंगठाच देऊन टाका, पुढे भानगड नको." आईला ते लागलं. मॅट्रिक झालेली बाई, जन्मात तिनं अंगठा दिला नव्हता. तसा सही करणाऱ्याचाही अंगठा घेतातच. नोंदणी कायद्यात 2001 साली कलम 32-अ आलं. स्थावर मालमत्तेच्या खरेदी-विक्रीत घेणारा आणि देणारा, दोघांचे फोटो आणि बोटांचे ठसे दस्तावर हवेत, असं ते सांगतं. हेतू चांगला होता, मेलेल्या माणसाच्या नावानं दुसराच उभा राहू नये हा. आईनं मशीनवर अंगठा टेकवला. तिच्या फोटोशेजारी तो काळा ठसा छापला गेला, आणि त्याच पानांवर तिचं वय, पत्ता, वडिलांचं आणि नवऱ्याचं नाव, पॅन, आधार, पैसे ज्या धनादेशानं मिळाले त्याचा नंबर आणि बँकेचं नावही.

मग तो दस्त पुस्तक क्रमांक एकमध्ये गेला. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 57 म्हणतं की पुस्तक एक आणि त्याची सूची फी भरणाऱ्या कोणालाही बघता येते, नकल मागता येते. त्यामागचं कारण मला पूर्ण पटतं. जमीन घेणाऱ्याला ती आधी कोणाला विकली वा गहाण टाकली आहे का हे कळायलाच हवं, आणि एकदा नोंद झाली की जगाला ती माहीत आहे असं कायदा धरून चालतो. त्याच कायद्यानं मृत्युपत्रांचं पुस्तक तीन मात्र वेगळं ठेवलं. करणारा जिवंत असेपर्यंत ते त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच दाखवायचं. म्हणजे काय उघडं ठेवायचं आणि काय झाकायचं हा विवेक 1908 मध्येही होता. पण तेव्हाचं उघडं म्हणजे कुक्षीला जाणं, अर्ज करणं, फी भरणं, कारकुनानं बस्ता सोडेपर्यंत बाकड्यावर बसणं. ज्याला खरोखर गरज असे तोच एवढे कष्ट घेई. मध्य प्रदेशात 2015 पासून रजिस्ट्री संगणकावर गेली, ऑक्टोबर 2024 मध्ये 'संपदा 2.0' आलं. इतर राज्यांनीही जुने दस्त स्कॅन करून संकेतस्थळांवर चढवले. बाकड्यावर बसण्याचे कष्ट संपले, आणि त्या कष्टांनी नकळत केलेली राखणही संपली.

त्याचा परिणाम दिसला तो 2018 मध्ये तेलंगणात, पेद्दापल्ली जिल्ह्यात. एका सिमकार्ड विकणाऱ्यानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून घेतले, त्यांवरच्या ठशांचे रबरी अंगठे केले आणि दुसऱ्यांच्या आधारवर हजारो सिमकार्डं चालू केली. त्याला कोणाच्या घरात शिरावं लागलं नाही. पुढे हरियाणात, मग 2023 मध्ये कोलकात्यात, अशाच ठशांनी लोकांच्या बँक खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर संकेतस्थळांवरच्या दस्तांतले बोटांचे ठसे झाका, असं केंद्रानं राज्यांना कळवलं. आधार प्राधिकरणानंही 2023 मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे की नकली, हे ओळखणारी पद्धत आणली. पण जे दस्त तोवर उतरवले गेले होते ते ज्यांच्याकडे गेले त्यांच्याकडेच आहेत.

आमच्याकडच्या जुन्या मराठी कागदांत लिहिता न येणाऱ्याची 'निशाणी' असे. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी. कागदाच्या तळाशी दोन रेघांचा छोटासा नांगर काढलेला असे आणि शेजारी कारकून लिही, 'निशाणी नांगर'. लहानपणी मला ती चित्रं फार आवडत. त्या नांगरानं माणसाची जात नि धंदा कळे, पण तो चोरून कोणी त्याचं घर धुऊन नेऊ शकत नसे. नांगराची जागा पुढे अंगठ्यानं घेतली, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. आणि आमच्या डोळ्यांदेखत तोच अंगठा तिजोरीची किल्ली झाला. एकाच ठशाला उघड्या दस्तावरची सही आणि बँकेचा परवलीचा शब्द अशी दोन्ही कामं दिली, इथेच सगळं बिघडलं असं मला वाटतं. सही फसली तर माणूस नवी सही करतो. माझी आई दुसरा अंगठा कुठून आणणार?

महाराष्ट्रातले वाचक म्हणतील, हे तिकडचं आहे. त्यांनी आपली सूची क्रमांक दोन काढून बघावी. देणाऱ्याचं नि घेणाऱ्याचं नाव, वय, घर क्रमांकापासून पिन कोडपर्यंत पत्ता आणि शेजारी पॅनचा रकाना. वर्तमानपत्रांत कोणत्या नटानं वांद्र्याला किती कोटींचा फ्लॅट घेतला हे छापून येतं, ते याच कागदांवरून. सातबाराही नावावरून शोधता येतो, एखादा मोबाइल नंबर घातला की झालं, आणि इतर हक्कांच्या रकान्यात बोजा दिसतो. नटाच्या दाराशी पहारेकरी असतो. सूची दोनमधली एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका मात्र तिच्या वयासकट आणि मजल्यासकट तिथे आहे.

तरीही हे सगळं कुलूपबंद करा असं मी म्हणणार नाही, आणि ते डहीमुळेच. कुक्षी, मनावर, बडवानीचा हा सगळा नर्मदाकाठ सरदार सरोवराच्या बुडितातला. मध्य प्रदेशानं विस्थापितांना जमिनीऐवजी 5 लाख 58 हजारांचं विशेष पॅकेज दिलं, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता हवा तर जमीन घेतल्याची रजिस्ट्री दाखवायची. लगेच दलाल उभे राहिले. एकाच जमिनीच्या अनेक रजिस्ट्र्या झाल्या, ज्यांनी विकलं नाही ते विकणारे झाले. गरिबांना हाती थोडेसे पैसे मिळाले, जमीन कधीच मिळाली नाही. हे बाहेर आलं ते नर्मदा बचाव आंदोलनाच्या लोकांनी रजिस्ट्र्या मिळवून, गावोगाव जाऊन, कागद माणसांशी ताडून बघितले म्हणून. उच्च न्यायालयानं 2008 मध्ये न्यायमूर्ती श्रवण शंकर झा आयोग नेमला, 2016 मध्ये अहवाल आला, आणि दीड हजारांहून जास्त रजिस्ट्र्या बनावट निघाल्या. दस्त बंद असते तर ती लबाडी तशीच पुरली गेली असती. त्या बेवा बाईला आपली तीन नावं मोजता आली तीही नोंद उघडी होती म्हणूनच.

जमिनीचं सगळं उघडं असू द्या. खसरा नंबर, क्षेत्र, मालकाचं नाव, गहाण आहे किंवा नाही, व्यवहार कधी झाला आणि कितीला. ठसा, आधार, पॅन, फोन, वय, धनादेशाचा नंबर यांतलं एकही जमीन ओळखायला लागत नाही. ते नोंदणी अधिकाऱ्याकडे राहावं, वाद झाला की न्यायालयानं मागवावं. आणि कोणी कोणाचा कागद बघितला याचीही नोंद राहावी, ती त्या जमीनमालकाला दिसावी. जर्मनीत जमिनीचं पुस्तक बघायला सबळ कारण सांगावं लागतं. इंग्लंडमध्ये 1990 पासून ते कोणालाही फी भरून मिळतं. अमेरिकेत न्यू जर्सीत 2020 साली न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घरी येऊन एका माणसानं त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाला गोळी घातली. त्यानंतर त्या राज्यानं न्यायाधीशांचे घरचे पत्ते उघड्या नोंदींतून काढून टाकायचा कायदा केला, त्या मुलाच्याच नावाचा. आपल्याकडे 2023 चा वैयक्तिक माहितीचा कायदा आहे. पण कायद्यानंच जी माहिती उघडी ठेवायला लावली आहे तिला तो लागू होत नाही. म्हणून बदल नोंदणी कायद्यात आणि प्रत्येक राज्याच्या नियमांतच करावा लागेल.

त्या रजिस्ट्रीनंतर घरी गेल्यावर आईचं बायोमेट्रिक मी आधारच्या ॲपमधून कुलूपबंद करून टाकलं होतं. पाच मिनिटांचं काम. तिचं पेन्शन बँकेत जमा होतं, अंगठ्याचं तिला काही अडत नाही.

दुकानात त्या दिवशी शेवटी आली ती एक म्हातारी, हातात चांदीची जाड कडी, पायांत चपला नाहीत. तिला पेन्शनचे पैसे काढायचे होते. मुलानं मशीन तिच्यापुढे सरकवलं. तिनं अंगठा टेकवला, लाल दिवा लागला. आयुष्यभर कापूस वेचून, लाकडं फोडून रेघा झिजलेल्या. मुलानं ओल्या फडक्यानं अंगठा पुसला. पुन्हा लाल. मग त्यानं तिचं मधलं बोट घेतलं, मग दुसऱ्या हाताचा अंगठा. मी त्याला हळूच विचारलं, "इथे कोणी आधार लॉक करून घेतं का?"

"दीदी, लॉक केलं तर मग हिनं पैसे काढायचे कसे?" तो म्हणाला. "फोन तरी कुठेय हिच्याकडे?"

म्हातारीनं अंगठा लुगड्याच्या पदराला घासला, फुंकर मारली आणि पाचव्यांदा मशीनवर दाबून धरला.