चोवीस नामें आणि एक सूत्र

आमचें कुटुंब एकत्र आहे. वडील नव्वदीच्या घरांत आहेत, आम्ही तिघे भाऊ एकाच छपराखालीं राहतों, आणि घरांतील मुलांचा अभ्यास हा कोणा एकाचा प्रश्न नसून सर्व मंडळींचा असतो. त्यामुळें गेल्या वर्षीं अकरावींतल्या माझ्या पुतणीस सहामाही परीक्षेंत गणितांत फारच थोडे गुण पडले, तेव्हां रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत त्याची चर्चा झाली. एकाचें मत पडलें कीं विषय बदलून घ्यावा. दुसऱ्यानें विचारलें कीं मुलीच्या जातीला एवढें गणित हवें कशाला? मुलगी दाराआड उभी राहून सर्व ऐकत होती.

मीं तिची उत्तरपत्रिका मागून घेतली. बहुतेक गुण एकाच प्रकरणांत गेले होते. त्याचें नांव 'क्रमचय आणि संचय'. नवल असें कीं सूत्रें सगळीं बरोबर लिहिलीं होतीं. मात्र जेथें एक हवें तेथें दुसरें वापरलें होतें. एका उदाहरणावर बोट ठेवून मीं विचारलें, "येथें सहानें भागलेंस, तें कां?" ती खालीं मान घालून म्हणाली, "काका, शेवटीं कशानें तरी भागावयाचें असतें, एवढेंच लक्षांत होतें."

हें उत्तर ऐकून मला तिच्यापेक्षां माझीच लाज वाटली. मीं स्वतः हाच विषय पुष्कळ वर्षें शिकविला आहे. फळ्यावर प्रथम सूत्र लिहावयाचें, उद्गारचिन्हाचा अर्थ सांगावयाचा, तीन उदाहरणें सोडवून दाखवावयाचीं, आणि उरलेलीं घरीं करण्यास द्यावयाचीं, ही माझी रीत होती. माझ्या किती विद्यार्थ्यांनीं 'कशानें तरी' भागलें असेल, तें मीं कधीं विचारलेंच नाहीं. तेव्हां विषय बदलण्याचा निर्णय एक महिना पुढें ढकलावा अशी मीं घरांत विनंती केली, आणि त्या महिन्यांत सूत्राचें नांवही काढावयाचें नाहीं असें ठरविलें.

पहिल्या दिवशीं मीं तिला क, म आणि ल हीं तीन अक्षरें दिलीं व त्यांच्या जितक्या मांडण्या होतील तितक्या लिहावयास सांगितलें. कमल आणि कलम हीं प्रथम सुचलीं. मग मकल, मलक, लकम, लमक. सहा झाल्या. "सातवी कां नाहीं?" असें मीं विचारलें. थोडा विचार करून ती म्हणाली, "पहिल्या जागेवर तिघांपैकीं कोणीही बसेल. त्या प्रत्येकासाठीं दुसऱ्या जागेला दोघे उरतात. तिसऱ्या जागेला जो उरला तोच." 'प्रत्येकासाठीं' हा शब्द तिच्या तोंडून निघाला तेव्हांच अर्धें काम झालें. बेरीज न करतां गुणाकार कां करावयाचा, ह्याचें सारें मर्म त्या एका शब्दांत आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वडील संध्येस बसले होते. केशव, नारायण, माधव, गोविंद अशीं विष्णूचीं चोवीस नामें त्यांच्या तोंडून तिनें लहानपणापासून ऐकलीं आहेत. संध्या आटोपल्यावर मीं तिला विचारलें, "हीं नामें चोवीसच कां?" मूर्तिशास्त्रांत ह्या चोवीस नामांच्या चोवीस चतुर्भुज मूर्ती सांगितल्या आहेत. प्रत्येकीच्या हातीं शंख, चक्र, गदा आणि पद्म हींच चार असतात. भेद इतकाच कीं कोणत्या हातीं काय, ही योजना प्रत्येक मूर्तींत निराळी.

तिनें चार चिठ्ठ्या केल्या आणि त्या मांडण्यास बसली. मनास येईल तशा मांडल्यामुळें एकवीस मांडण्या झाल्या, आणि त्यांतली एक दोनदां आली होती. मग तिनें रीत बदलली. पहिल्या हातीं शंख कायम ठेवला. उरलेल्या तिघांच्या मांडण्या सहा, म्हणजे कालच्या कमल-कलमांइतक्याच. मग पहिल्या हातीं चक्र, पुन्हां सहा. चार वेळां सहा, चोवीस. वडील आसनावरून हें सर्व पाहत होते. ते सावकाश म्हणाले, "म्हणजे पंचविसावी मूर्ति संभवतच नाहीं म्हण कीं! ऐंशीं वर्षें हीं नामें घेतों आहें. पण हें कधीं मनांत आलें नव्हतें." आजोबांना आपण कांहीं शिकविलें, ह्या जाणिवेनें त्या मुलीच्या चेहऱ्यावर जें तेज आलें तें कोणत्याही गुणपत्रिकेनें आलें नसतें.

हें उदाहरण माझें नव्हे. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० मध्यें, लिहिलेल्या लीलावतींत अंकपाश नांवाचें प्रकरण आहे. त्यांत हरीच्या चार हातांचा हाच प्रश्न घातला आहे, आणि त्याच्याच जोडीला शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधांचाही. चार हातांच्या चोवीस मूर्ती, तर दहा हातांच्या ३६,२८,८०० ! आम्हीं हिशेब करून पाहिला: दहा माणसांच्या पंगतींत रोज नवी बैठक करावयाची म्हटली, तर सर्व बैठका पुऱ्या होण्यास ९,९०० वर्षांहून अधिक काळ लागेल. इतकें झाल्यावर तिनें आपण होऊन विचारलें कीं हा लांब गुणाकार थोडक्यांत कसा लिहितात. तेव्हां उद्गारचिन्ह आलें, आणि तें उपकारकर्त्यासारखें आलें.

अंकपाशांत ताळा पाहण्यास उपयोगी पडणारी एक युक्तीही आहे. ३, ९ आणि ८ ह्या अंकांच्या सहा संख्या होतात. अंकांची बेरीज २०. ती सहानें गुणून तिहींनीं भागली कीं ४०. हे ४० एकं, दहं आणि शतं अशा तिन्ही स्थानीं मांडून मिळविले कीं ४,४४० ही सर्व संख्यांची बेरीज येते. मुलानें केलेल्या यादींत एखादी संख्या सुटली किंवा दोनदां आली, तर ही बेरीज बहुधा चुगली करते. शिक्षकास रागें भरावें लागत नाहीं.

आतां भागाकाराचा प्रश्न. मीं तिला 'कटकट' हा शब्द दिला. चार अक्षरें, म्हणून चोवीस असें ती म्हणाली. लिहूं लागली तों सहाच निघाल्या: कटकट, ककटट, कटटक, टकटक, टटकक, टककट. मग आम्हीं एक क तांबड्या शाईनें व एक निळ्या शाईनें लिहिला, आणि ट चेंही तसेंच केलें. आतां चोवीस मांडण्या झाल्या, परंतु रंग पुसले कीं त्यांतल्या चार-चार एकसारख्या होतात. चोवीसास चारांनीं भागावयाचें तें ह्यासाठीं. एकच वस्तु आपण अनेकदां मोजली, तें ऋण फेडणें म्हणजे हा भागाकार. भास्कराचार्यांनीं २, २, १, १ ह्या अंकांवर हेंच दाखविलें आहे. त्यांचेंही उत्तर सहाच.

मांडणी आणि निवड ह्यांतील भेद तिच्या आईनें स्वयंपाकघरांतून समजाविला. पांच मुलांतून तिघांस बाजारांत पाठवावयाचें असेल तर दहा प्रकारांनीं पाठवितां येईल. परंतु एकाजवळ पैसे, एकाजवळ पिशवी आणि एकाजवळ यादी द्यावयाची असेल, तर प्रत्येक त्रिकुटांत हीं कामें सहा तऱ्हांनीं वांटतां येतात. म्हणून प्रकार साठ. मुलगी हंसून म्हणाली, "म्हणजे मीं परीक्षेंत सहानें भागलें तेथें कामें वांटलेलीं होतीं, भागावयास नको होतें!" कोणतेंही उदाहरण हातीं घेण्यापूर्वीं 'दोघांची अदलाबदल केली तर कांहीं बदलतें काय?' एवढा एक प्रश्न स्वतःस विचारावा. सूत्र कोणतें, हें तोच प्रश्न सांगतो.

महिना संपला. वार्षिक परीक्षेंत ती पहिली आली असें मला लिहितां येत नाहीं; ती मधल्या मुलांत आली. परंतु विषय बदलण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं, कारण ती काढूं पाहणाऱ्यास प्रथम वडिलांनींच थांबविलें असतें.

चाळीसगांवाजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून असें दिसतें कीं भास्कराचार्यांचे नातू चांगदेव ह्यांनीं इ. स. १२०७ च्या सुमारास आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं तेथें मठ स्थापिला. प्रत्येक घराला मठ स्थापितां येणार नाहीं. पण माजघरांत चार चिठ्ठ्या मांडून मुलांबरोबर अर्धा तास बसणें कोणत्याही वडील मनुष्यास अशक्य नाहीं. सूत्रें पुस्तकांत आहेतच, तीं कोठें पळून जात नाहींत. मुलानें आपल्या हातांनीं सहा आणि चोवीस मांडण्या लिहून काढल्यावर तीं शिकवावींत. म्हणजे 'कशानें तरी' भागण्याची पाळी त्याच्यावर येणार नाहीं.

आमच्या घरीं आतां संध्येच्या वेळीं एक नवा पाठ सुरू झाला आहे. वडील शेवटचें नाम घेतात, आणि आंतून नातीचा आवाज येतो, "आजोबा, चोवीस पुरीं झालीं!"