शालेय फुटबॉलमधील लाल कार्ड व निलंबन : अपिलाची व्याप्ती आणि मर्यादा

प्रस्तावना :
वर्धा जिल्ह्यातील शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांचे फुटबॉल संघ जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांत उतरतात. जिल्ह्यातील विजेत्यांना पुढे नागपूर विभाग व त्यानंतर राज्य पातळी गाठावयाची असते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका सामन्याचे निलंबनही खेळाडूच्या वर्षभराच्या सरावावर पाणी फिरवू शकते. दहावी-बारावीच्या परीक्षेतील खेळाडूंचे सवलतीचे गुणही क्रीडास्पर्धांतील कामगिरीशी निगडित आहेत. म्हणूनच अशा निलंबनाविरुद्ध दाद कोठवर मागता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लाल कार्ड आणि निलंबन यांतील भेद :
फुटबॉलच्या नियम 5 नुसार खेळाशी संबंधित वस्तुस्थितीविषयी पंचाचा निर्णय अंतिम असतो. नियम 12 मध्ये हिंसक वर्तन, गंभीर स्वरूपाचा फाउल, अपमानास्पद भाषा, दुसरे पिवळे कार्ड इत्यादी कारणांसाठी खेळाडूस मैदानाबाहेर काढण्याची तरतूद आहे. फिफाच्या शिस्तसंहितेनुसार अशा खेळाडूस पुढील एका सामन्यास आपोआप मुकावे लागते. दोन सामन्यांपर्यंतच्या निलंबनावर तेथे अपीलही चालत नाही. मात्र पंचाची उघड चूक झाली असल्यास, उदाहरणार्थ एकाऐवजी दुसऱ्याच खेळाडूस कार्ड दाखविले गेल्यास, त्या कार्डाच्या शिस्तविषयक परिणामांचा फेरविचार होऊ शकतो. सामन्याचा निकाल मात्र बदलत नाही.

22 मार्च 2014 रोजी चेल्सीविरुद्धच्या सामन्यात आर्सेनलच्या ऑक्सलेड-चेंबरलेनने चेंडू हाताने अडविला. पंचांनी मात्र किरन गिब्जला बाहेर काढले. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नंतर गिब्जला निलंबनातून मुक्त केले. चेंडू गोलाबाहेर जात असल्याने ऑक्सलेड-चेंबरलेनवरही निलंबन लादले गेले नाही. चुकीच्या लाल कार्डाविरुद्ध दाद मागण्याची सोय तेथील नियमांत असल्यामुळे हे शक्य झाले. तात्पर्य, अपिलाची व्याप्ती त्या त्या स्पर्धेच्या नियमावलीवरून ठरते.

सुनावणीचा प्रश्न :
स्वयंचलित निलंबनापलीकडे शिक्षा वाढवावयाची असल्यास प्रश्न वेगळा होतो. आपली बाजू मांडण्याची संधी हे नैसर्गिक न्यायाचे मूलतत्त्व होय. मनेका गांधी प्रकरणात (1978) सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकीय निर्णयांच्या संदर्भात त्याचे महत्त्व अधोरेखित केले. शासकीय कार्यालयाने भरविलेल्या स्पर्धेतही या तत्त्वाकडे डोळेझाक करता येणार नाही. अल्पवयीन विद्यार्थ्याच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी.

क्रीडा शिक्षकांसाठी :
पंचाशी मैदानावर हुज्जत घातल्याने दुसरे कार्ड तेवढे पदरी पडते. त्याऐवजी संघव्यवस्थापकाने प्राचार्यांच्या सहीने लेखी अर्ज मुदतीत द्यावा. त्यात सामन्याची वेळ, खेळाडूचा क्रमांक, आक्षेपाचे नेमके कारण व उपलब्ध चित्रफितीचा उल्लेख असावा. ‘निर्णय अन्यायकारक होता’ एवढे विधान पुरेसे नाही. चूक ओळखीची, नियमाच्या वापराची की शिक्षेच्या प्रमाणाची, हे स्पष्ट करावे.

निष्कर्ष :
पंचाचा अधिकार अबाधित ठेवूनही खेळाडूस न्याय देता येतो. त्यासाठी अपिलाचा अधिकारी, मुदत व कारणे स्पर्धेपूर्वीच लेखी जाहीर व्हावीत आणि निर्णय पुढील सामन्यापूर्वी द्यावा. संघ बाद झाल्यावर मिळालेला न्याय विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही.