जॉर्डन सगळ्यांना माहीत, पण अब्बास मुंतसिर?

अमरावतीत किंवा अकोल्यात कुणी २३ नंबरची लाल जर्सी घातली, तर ती मायकल जॉर्डनची हे सांगावं लागत नाही. १४ जून १९९८ रोजी त्यानं शिकागो बुल्सला जिंकून देणारा शॉट मोबाइलवर कधीही बघता येतो. पण महाराष्ट्राच्या बास्केटबॉलचा हिरो कोण? मुंबईच्या नागपाड्यातले जुने चाहते एक नाव घेतात, अब्बास मुंतसिर.

कोण आहेत मुंतसिर?

१९२७ मध्ये अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी कामगारांच्या वस्तीत 'नागपाडा नेबरहूड हाऊस' सुरू केलं. मुंतसिर तिथेच घडले. पुढे ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

तेव्हाचा खेळ वेगळा कसा?

तेव्हा तीन गुणांची रेषाच नव्हती. आंतरराष्ट्रीय नियमांत ती १९८४ मध्ये आली. त्याआधी कितीही लांबून बास्केट केली तरी दोनच गुण मिळायचे. बास्केटकडे बॉल टाकण्यासाठी आज २४ सेकंद मिळतात, तेव्हा ३० मिळायचे. त्यामुळे तेव्हाच्या आणि आताच्या खेळाडूंची तुलना फक्त गुणांवरून करता येत नाही.

मग व्हिडिओ का मिळत नाहीत?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. म्हणजे मुंतसिर यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा मुंबईत टीव्हीच नव्हता! त्यांचा खेळ ज्यांनी बघितला, त्यांनी तो मैदानाच्या कडेला उभं राहून बघितला. कोण जिंकलं हे पेपरातल्या स्कोअरवरून कळतं. लोक काम सोडून मॅच बघायला का थांबायचे, हे मात्र बघणाराच सांगू शकतो. आठवणीत थोडं मीठमसाला येतोच, म्हणून कात्रणं आणि फोटोही जपायला हवेत.

वऱ्हाडाचा काय संबंध?

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला. अमेरिका-कॅनडा फायनल भर पावसात, उघड्या मैदानावर झाली आणि अमेरिकेनं ती १९-८ अशी जिंकली. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. या मंडळाची स्थापना १९१४ ची. ही गोष्ट अमरावतीकर आजही अभिमानानं सांगतात, कारण मंडळानं ती जपली.

प्रत्येक खेळाडूमागे अशी संस्था नसते. तुमच्या गावात एखादे काका जुन्या मॅचबद्दल सांगत असतील, तर मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. वर्ष, मैदान आणि टीमचं नाव विचारा, फोटोच्या मागे कुणाकुणाची नावं आहेत तेही लिहून ठेवा. जॉर्डनचा शॉट उद्याही बघायला मिळेल. काकांनी बघितलेली मॅच मात्र त्यांच्याशिवाय कुणाकडेच नाही.